फुलावर गेलेला घास

घास कधी कापायचा यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनसुद्धा झाली नाहीत. घास म्हणजे लसूणघास. निमोण्याच्या बाजूला आम्ही नुसतं घासच म्हणतो, आणि ज्याच्या दारात गाय आहे त्याच्या रानात तो थोडा तरी असतोच. पाणी दिलं की येतो, कापला की परत येतो. त्याचं स्वतःचं काही म्हणणं नसतं. म्हणणं असतं ते माणसांचं.

माझं म्हणणं एवढंच, की कोवळा कापला तर गाय फुगते आणि जून कापला तर गाय रुसते. मधली वेळ ओळखायची. कळ्या धरल्या, एखाददुसरं जांभळं फूल डोकावलं, की विळा घालायचा. तेव्हा पान भरलेलं असतं आणि काडी वाकवली तर वाकते. गाईला लागतं ते सगळं सत्त्व पानात असतं. फुलं भरात आली की खालची पानं गळतात आणि काडी इतकी निबर होते, की गाय दोनदा चावते आणि माझ्याकडं बघत बसते.

माझे सासरे, म्हणजे आबा, यांचं बरोबर उलटं. त्यांना भारा मोठा लागतो. घास गच्च फुलला, भारा एकट्यानं उचलेना असा झाला, की आबांच्या जिवाला बरं वाटतं. मी वेळेवर कापून आणला की ओट्यावरनं आवाज यायचा, "आणला का मूठभर? गाय काय बारशाला आली हाय, चमच्यानं खायाला?" नवऱ्याला विचारावं तर तो आबांना म्हणायचा, "बरोबर हाय," आणि मागच्या दारी येऊन मला म्हणायचा, "तुझं बी बरोबर हाय." असा माणूस सरपंच व्हायला पाहिजे होता.

ही नुसती कुरकुरच राहिली असती, पण आदल्या उन्हाळ्यात कबरी बसली. कबरी म्हणजे आमची काळी-पांढरी, एचएफ जातीची गाय, घरातली सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल. चैत्रात व्याली, कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, हिरवं संपलं, आणि तिच्यापुढं काय, तर कडबा आणि उसाचं वाढं. मुरघासाच्या बॅगा आणून बघितल्या. त्या आंबूस वासाला ती तोंड लावेना. दूध मात्र देत राहिली, स्वतःच्या अंगातलं काढून काढून देत राहिली, आणि एक दिवस जी बसली ती उठेचना. पोत्यांचे पट्टे पोटाखालून घालून शेजारपाजारच्या माणसांनी तिला उभी केली. मी तिच्या तोंडाशी बसून एकीकडं तिला शिव्या देत होते आणि एकीकडं रडत होते.

तेव्हाच मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला ही व्याली की तिच्यापुढं वाळवलेला घास असणार, पानासकट. नाहीतर ही गाय पुढचा उन्हाळा काढणार नाही.

घास वाळवणं तसं सोपं काम नाही. थंडी सरताना ऊन कोरडं असतं, तेव्हाचं पीक धरायचं. कळीवर कापायचं, रान कोरडं पाहिजे, आणि कापलेला घास सकाळी दव असतानाच उलथायचा. दुपारच्या उन्हात हात लावलात तर पानं झडून मातीत जातात आणि हातात उरतो तो खराटा. यासाठी ओढ्याकडचं सगळं रान मी राखून ठेवलं. रोजच्या वैरणीला घरामागचे वाफे होते. ओढ्याकडं कुणी विळा घेऊन निघालं, की मी घरातनं हाक मारायचे. आबासुद्धा तिकडं जाताना हात मोकळे आहेत हे दाखवत जायचे.

आणि नेमक्या त्या रानात कळ्या धरल्या, तेव्हा माझ्या लेकीनं येऊन सांगितलं, "आई, घास कापू नको. फुलू दे."

मला वाटलं आबांनी पढवून पाठवलीय. पण प्रकरण वेगळंच होतं. तिचं लग्न ठरलं होतं. स्थळ दौंडकडचं, भीमेच्या काठी बागाईत, दारात गाई, मुलगा रांजणगावला कंपनीत. सगळं चांगलं होतं, म्हणून आता प्री-वेडिंग. शिरूरच्या फोटोग्राफरला तिनं आमच्या रानाचा फोटो पाठवला होता, गेल्या वर्षी एक कोपरा कापायचा राहिला आणि जांभळा झाला होता तेव्हाचा. तो गडी वेडाच झाला म्हणे. त्याचं म्हणणं, लोक असल्या शेतात फोटो काढायला परदेशात जातात, लॅव्हेंडर म्हणतात त्याला.

मी म्हटलं, "लव्हेंडर न्हाई, वैरण हाय ती."

"आई, फोटोत काय कळतंय?"

"गाईला कळतंय."

पोरीला काय माहीत नव्हतं? कबरीला उठवताना पट्ट्याचं एक टोक तिच्याच हातात होतं. दव असताना उलथायचं मी तिलाच शिकवलं होतं. तरी ती दारात उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्याची कड खरवडत. आणि मी वितळले. ती जाणार होती. माझ्याकडं दुसरं कारण नव्हतं. मी म्हटलं, "रविवारी उरका. सोमवारी मी विळा घालणार."

रविवारी जावईबापूंची शिफ्ट बदलली. पुढच्या रविवारी फोटोग्राफर दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात. मग आभाळ आलं, आणि ढगात म्हणे जांभळा रंग उठत नाही. इकडं घास फुलतच चालला. मी रोज सकाळी बांधावर जायचे, एक काडी मोडून बघायचे आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन घरी यायचे. आधी काडी वाकायची, मग कट्‌ करून मोडायला लागली, मग मोडेनाशी झाली. आबा मात्र खूश. दोन्ही हात मागं बांधून बांधावरनं फेऱ्या मारायचे आणि परत येऊन सांगायचे, "याला म्हंत्यात घास. पोरीला अक्कल हाय."

शेवटी दिवस ठरला. आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याला वाटलं, पाहुणे येणार, रान टवटवीत दिसावं. लाईट आली तसं त्यानं ओढ्याकडच्या रानाला पाणी सोडून दिलं. वाळवायच्या घासाला, कापायच्या तोंडावर, पाणी. तीस वर्षं शेती करणाऱ्या माणसानं. सकाळी बघते तर वरून जड झालेला घास अर्धा आडवा पडलेला आणि खाली घोट्याएवढा चिखल.

"अहो, हे काय केलंत?"

"फ्रेश दिसतंय की."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फोटोग्राफर आला. आडवा पडलेला घास बघून म्हणाला, "काकू, एकदम सिनेमॅटिक." लेकीला त्यानं भाड्याचा गाऊन आणला होता, मागं हे एवढं शेपूट. चिखलात ते कोण धरणार? एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं तिचा बाप. आम्ही दोघं वाकून वाकून, गाऊन वर उचलून तिला रानाच्या मधोमध नेली आणि फोटोत यायला नको म्हणून तिथंच घासात उकिडवे बसलो. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, एवढा वेळ शेजारी शेजारी आम्ही कधी बसलो नव्हतो. तो हळूच म्हणाला, "चुकलंच माझं." मी म्हटलं, "गप बसा, फोटो निघतोय."

आता गाऊनचा रंग कुठला, तर जांभळा. फोटोग्राफरनंच निवडलेला, मॅचिंग म्हणून. त्यानं ड्रोन वर पाठवला, बराच वेळ फिरवला, मग खाली बघून विचारलं, "ताई, तुम्ही आहात ना तिथं?" वरनं ती दिसतच नव्हती. जांभळ्यात जांभळं मिसळून गेलं होतं. फोटोत जावईबापू एकटेच रानात उभे, हात पुढं करून, एसटीची वाट बघावी तसे.

मग म्हणाला, सर, खाली वाका आणि फुलांचा वास घ्या. मी घासातनं ओरडून सांगितलं, माशा आहेत, नका घेऊ. पण फोटोग्राफरचं ऐकायचं का उकिडव्या बसलेल्या सासूचं? फुललेल्या घासात मधमाश्या नसतील तर कुठं असतील? त्यांनी वास घेतला, माशीनं ओठ घेतला. बघता बघता वरचा ओठ असा सुजला, की बिचाऱ्यांना हसावं का रडावं ते ठरवता येईना, आणि ठरवलं तरी चेहऱ्यावर दिसेना. पुढचे सगळे फोटो पाठमोरे. लग्नात जो अल्बम आला, त्यात एका फोटोत नवरी नाही आणि बाकीच्यांत नवऱ्याला तोंड नाही. आमच्या पाहुण्यारावळ्यांत तो अजून मागून नेऊन बघतात.

पाहुणे गेले. रान वाळायची वाट बघण्यात आणखी काही दिवस गेले, आणि मग मी विळा घातला. विळासुद्धा कुरकुरत होता. वाळवला, उलथला, रचला. ढीग मोठा झाला, आबा म्हणाले तसा. पण त्यात पान कमी आणि काडी जास्त. फाल्गुनात लग्न झालं, लेक दौंडकडं गेली, आणि चैत्र संपता संपता कबरी व्याली. कालवड झाली. घरात आनंद, गल्लीत खरवस.

मग माझ्या जिवाला घोर लागला. कॅनॉलला पाणी नाही, घरामागचे वाफे पिवळे. कबरीपुढं वाळलेला घास टाकला की ती नाकपुड्या फुंकत वरची पानं वेचायची आणि काड्या गव्हाणीत तशाच ठेवायची. कुट्टी करून दिली, गुळाचं पाणी शिंपडलं, आबांनी स्वतः हातानं भरवून बघितलं. तिनं त्यांच्या हाताला चाटलं आणि तोंड फिरवलं. दूध कमी व्हायला लागलं. डेअरीवरचा माणूस मात्र म्हणतो, "काकू, फॅट लय भारी लागतीया तुमची." मी म्हटलं, बाबा, पाणी आटलं की चहा कडकच होतो. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. सकाळी गोठ्याचं दार उघडताना मी आधी डोळे मिटायचे. उभी आहे का बसली आहे, बघायचा धीर व्हायचा नाही.

लेकीचा फोन यायचा. "गाय कशी हाय?"

"बरी हाय."

"काडी खाती?"

"खाती की."

मी फोन ठेवायचे. पोरीनं नव्या घरात सुखानं बसावं, आपल्या फोटोपायी गाय वाळली हे कशाला तिच्या कानावर घालायचं.

एका दुपारी दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "वहिनींनी घास पाठवलाय." मागचं फाळकं खाली पाडलं. वाळलेला घास, पेंढ्या बांधलेला, आणि रंग हिरवा. मी एक पेंढी उलगडून बघितली. पान पानाला लागून होतं, एकदोनच फुलं, बाकी सगळ्या कळ्या. काडी वाकवली, वाकली. दव असताना उलथलेलं होतं, दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतका राग आला, की दोन्ही एकदमच झालं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "परत न्या."

कारण आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. द्यायचं असतं. साडी द्यायची, दिवाळीला बोलवायचं, धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला घालायचं. घ्यायचं मात्र काही नाही. आणि लग्नाला दोन महिने नाही झाले तोवर तिच्या सासरहून आमच्या गाईची वैरण यावी? ह्यांना स्वतःची गाय पोसता येत नाही, असं दौंडपर्यंत झालं की मग.

आबा ओट्यावरनं उठून आले होते. या बाबतीत आबा म्हणजे हायकोर्ट. दौंडच्या पुढं त्यांची स्वतःची लेक दिलेली आहे, माझी नणंद. तिच्याकडं ते वर्षातून एकदा जातात ते घरची भाकरी आणि घरचं पाणी बाटलीत घेऊन. तिच्या ओट्यावर बसायचं, आपलीच भाकरी खायची, आपलंच पाणी प्यायचं, नातवंडांच्या डोक्यावरनं हात फिरवायचा आणि उन्हं कलायच्या आत माघारी. नणंद दरवेळी चहा ठेवते आणि दरवेळी तो तिची माणसं पितात.

"सून म्हंती ते बरोबर हाय," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "लेकीच्या घरचं पाणी बी घेत न्हाईत. तर वैरण कशी घ्यायची?"

नवरा म्हणाला, "पर ती आपल्याला कुठं खायाची हाय? गाय खानार."

"गाय कुनाची?"

"आपली."

"मंग?"

ड्रायव्हर बिचारा पाण्याचा तांब्या हातात धरून एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, चुकीच्या घरी आलो. आणि आम्ही असे तावातावानं बोलत असताना, पाण्याला म्हणून सोडलेली कबरी हौदावरनं फिरून आली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं फाळक्यावर मान टाकली, एक पेंढी ओढली आणि खायला लागली. पानं खाल्ली, काड्या खाल्ल्या, बांधलेला बंदसुद्धा खाल्ला. डोळे अर्धे मिटून, कानांना हेलकावे देत. किती दिवसांनी मी तिला असं खाताना बघत होते. मला रडायला यायला लागलं, म्हणून मी तिच्यावर ओरडले. ती हलली नाही.

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आता न्हाई परत पाठवता यायचं."

"का?"

"उष्टं झालं. लेकीच्या सासरी उष्टं पाठवायचं व्हय? लोक काय म्हंतील?"

नवऱ्यानं मुकाट्यानं पेंढ्या उतरवल्या. मी लेकीला फोन लावला आणि आधी झाडली, "कुनाला इचारून पाठवलंस?"

"आत्याबाईंना. त्याच म्हनल्या पाठव म्हनून." तिची सासू. मग थांबून म्हणाली, "कळीवर कापलाय मी. त्या म्हनत व्हत्या फुलू दे थोडा. मी न्हाई ऐकलं." मी म्हटलं, "पेंढ्या सैल बांधल्यात," आणि फोन ठेवला.

आता आबांपुढं दुसरा पेच. गाईनं खाल्लं ते खाल्लं, पण दुधाचं काय? लेकीच्या घरची वैरण, तिचं दूध, ते आपण प्यायचं म्हणजे फिरून तेच. आबांनी निकाल दिला, की घास संपेपर्यंत कबरीचं दूध सगळं डेअरीला, घरात एक थेंब नाही. दुसरी गाय भाकड होती. म्हणजे कोरा चहा. आणि आबांचा चहा म्हणजे निम्मं दूध आणि वर साय तरंगणारा. पहिल्या दिवशी ते काळं पाणी बशीत ओतून त्यात नुसतेच बघत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तोंडाला चव नाही. गोठ्यात कबरी रोज भरत होती, धार वाजत होती, आणि आबा ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होते.

शेवटी गोठ्यात येऊन उभे राहिले. मी धार काढत होते. "मला येक सांग," म्हणाले, "हे दूध गाईच्या आंगातलं का वैरणीतलं?"

मी म्हटलं, "आबा, गेल्या वर्षी वैरण नव्हती तवा ती आंगातलं देत व्हती. तवा बसली. आता वैरणीतलं देती म्हनून उभी हाय."

आबांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या होत्या. संध्याकाळी मी त्यांना विचारलं नाही, नेहमीसारखा सायीचा चहा केला आणि पुढं ठेवला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला. दुसरी बशी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर-टोपी करून ते दौंडच्या गाडीला निघाले. लेकीकडं, म्हणजे माझ्या नणंदेकडं, जाऊन येतो म्हणाले. मी पाण्याची बाटली भरून हातात दिली, तर म्हणाले, "राहू दे. वझं व्हतंय." भाकरीचं फडकंही घेतलं नाही.

उन्हं कलल्यावर आले. चेहरा चमत्कारिक. मी पाणी दिलं, विचारलं, काय झालं आबा? चिडूनच म्हणाले, "आगं, च्या दिला तिनं. प्यालो. साखर कमी व्हती म्हनून सांगितलं, तर रडाय लागली. साखरंवरनं कुनी एवढं रडतं व्हय?"